मोडलेली कॅप आणि डिसेंबरची सुट्टी

वाचकाचे पत्र

मी गेली तीन वर्षे जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये नोकरी करते आणि इथल्या वैधानिक आरोग्य विम्याची, म्हणजे क्रांकनकासेची, सभासद आहे. सहा वर्षांपूर्वी भारतात असताना खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनल करून कॅप बसवली होती. ती कॅप गेल्या आठवड्यात तुटली आणि आता चावताना त्या बाजूला दुखते. इथल्या दंतवैद्यांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते, त्यामुळे जुने रूट कॅनल उघडून पुन्हा करावे लागेल आणि मगच नवी कॅप बसेल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी दोन कागद दिले आहेत आणि दोन्ही मिळून माझ्या वाट्याला सुमारे १,८०० युरो येतात. आठ आठवड्यांनी, डिसेंबरमध्ये, मी तीन आठवड्यांसाठी भारतात जाणार आहे. आई म्हणते, तोवर थांब आणि सगळे इथे येऊन कर. एक मैत्रीण म्हणते, आधी दातांचा जादा विमा काढ आणि मग जर्मनीतच उपचार घे. माझे जर्मन कामापुरतेच आहे, डॉक्टरांनी सांगितलेले निम्मे मला कळले नाही. काय करावे?

उत्तर

तुमच्या पत्रात खर्चाचा प्रश्न मोठा दिसतो आणि तो खराही आहे, पण त्याआधी एका गोष्टीचा निर्णय या आठवड्यातच व्हायला हवा. ती दाढ आठ आठवडे उघडी ठेवता येणार नाही. रूट कॅनल झालेल्या दाढेच्या आत नस उरलेली नसते, त्यामुळे आत काही बिघडत असले तरी ती ठणकून सूचना देईलच असे नाही, आणि दुखणे आपोआप कमी झाले तर त्याचा अर्थ दाढ बरी होऊ लागली असाही होत नाही. कॅप तुटल्यावर लाळ आणि तिच्यातले जंतू जुन्या भरावाच्या कडेने आत झिरपू लागतात. शिवाय अशी दाढ आधीच पोखरलेली आणि ठिसूळ असते, कॅपचा आधार नसताना एखाद्या कडक घासाला ती हिरडीच्या खालपर्यंत उभी चिरू शकते. तसे झाले तर रूट कॅनल कुठे करायचे हा प्रश्नच उरत नाही, दाढ काढावी लागते. म्हणून दंतवैद्यांना फोन करून, बाकीचा निर्णय होईपर्यंत दाढ तात्पुरत्या भरावाने किंवा तात्पुरत्या कॅपने बंद करून द्या, अशी विनंती करा. हे छोटे काम आहे, आणि तेवढ्याने पुढचे सगळे निर्णय घाई न करता घेता येतील. तोवर त्या बाजूने चावू नका.

दरम्यान गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड नीट उघडेना, तर त्याच दिवशी दाखवा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दंतवैद्यांची आपत्कालीन सेवा, म्हणजे नोटडीन्स्ट, सुरू असते. तिची व्यवस्था प्रत्येक राज्यातील कासेशी करार असलेल्या दंतवैद्यांची संघटना पाहते, आणि तुमच्या राज्याच्या संघटनेचे कार्यालय श्टुटगार्टमध्येच आहे. त्या आपत्कालीन सेवेचा क्रमांक आजच शोधून फोनमध्ये जतन करून ठेवा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर मात्र वाट न पाहता ११२ लावा. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण ते तुम्हाला चालते का, हे तिथल्या औषधविक्रेत्याला आधी विचारा. भारतातून येताना बॅगेत आणलेली अँटिबायोटिकची पाकिटे आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असतात, ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मुळाच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत गोळी पोहोचत नाही, त्यामुळे दुखणे काही दिवस दबते आणि रोग तसाच राहतो.

आता त्या काळ्या सावलीविषयी. सावलीचा अर्थ मुळाच्या टोकाभोवतीचे हाड विरळ झाले आहे असा असतो, पण एका एक्स-रेवरून ते हाड झिजत चालले आहे की भरून येत आहे, हे सांगता येत नाही. रूट कॅनलनंतर हाड भरून यायला कित्येक महिने लागतात, कधी चार वर्षांपर्यंतही वेळ जातो. सहा वर्षांनंतरही सावली दिसत असेल तर शंका घेणे रास्तच आहे. तरीही सहा वर्षांपूर्वी उपचाराच्या वेळी ती होती का, आणि असल्यास आताच्यापेक्षा मोठी होती की लहान, हे कळल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. म्हणून भारतातल्या त्या दवाखान्याला फोन करून जुने एक्स-रे मागवा. उपचाराच्या आधीचा, भराव केल्यानंतरचा, आणि मिळाल्यास नंतरच्या तपासणीचा. ते ईमेलने येऊ शकतात, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याहून स्वस्त आणि याहून उपयोगी असे दुसरे काम नाही. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नलिका असतात, पण चौथीही अनेकदा सापडते. पहिल्या वेळी ती राहून गेली असेल तर जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवल्यावर तसा संशय घेता येतो, आणि पुन्हा उघडून काय साधायचे आहे हेही स्पष्ट होते. दंतवैद्यांना एक प्रश्न थेट विचारा, मूळ उभे चिरलेले असण्याची शक्यता किती आहे? चिरलेल्या मुळावर दुसऱ्यांदा रूट कॅनल करण्यात पैसाही जातो आणि दाढही.

दोन कागदांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला न कळलेला निम्मा भाग बहुधा तिथेच आहे. ते दोन कागद दोन वेगळ्या नियमांखाली येतात आणि त्यांची बेरीज करून एकच आकडा डोक्यात ठेवला की विचार बिघडतो.

पहिला कागद रूट कॅनल पुन्हा करण्याचा. वैधानिक विमा दाढांच्या रूट कॅनलचा खर्च काही अटींवरच देतो. त्या उपचाराने दातांची सलग रांग अखंड राहणार असेल, रांग एका बाजूने आखूड होणे टळणार असेल, किंवा आधीचा ब्रिज किंवा कवळी टिकणार असेल, तर तो देता येतो. त्यातही दात वाचवण्याजोगा आहे असे दंतवैद्यांचे मत हवे. तुमची दाढ खालच्या रांगेच्या मध्यावर आहे. तुमच्या मागच्या-पुढच्या दाढा शाबूत असतील, तर ही अट तुम्हाला का लागू होत नाही, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्यांदा करायचे रूट कॅनल अवघड असते, सूक्ष्मदर्शक आणि जास्त वेळ लागतो, आणि दंतवैद्य ते खासगी दराने करू इच्छितात असे होते. ते बेकायदा नाही, पण त्यासाठी उपचाराआधी तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. दर दंतवैद्यांच्या शुल्क नियमावलीनुसार आकारले जातात. तीत प्रत्येक कामाच्या मूळ रकमेला एका गुणकाने गुणतात. २.३ हा नेहमीचा गुणक मानला जातो, त्याहून जास्त लावल्यास कारण द्यावे लागते, आणि ३.५ च्या वर जायचे असल्यास त्याचा आधी लेखी करार करावा लागतो. तुमच्या कागदावर गुणकाचा रकाना असेल, तो पाहा.

दुसरा कागद कॅपचा. याला हाइल-उंड-कोस्टनप्लान, म्हणजे उपचार आणि खर्चाचा आराखडा, म्हणतात. तो आता दंतवैद्य संगणकावरून थेट कासेकडे पाठवतात आणि कासेची मंजुरी आल्यावरच काम सुरू करायचे असते. मंजुरी सहा महिने टिकते, म्हणजे तुम्हाला विचार करायला पुरेसा अवधी आहे. कासे यात जी ठरावीक मदत देते, तिला फेस्टत्सुशुस म्हणतात. ती ऑक्टोबर २०२० पासून ६० टक्के आहे, पण हे ६० टक्के तुमच्या बिलाचे नसून त्या दाताच्या साध्या, प्रमाण उपचाराच्या सरासरी खर्चाचे असतात. इथे आपल्या माणसांची नेहमी गफलत होते. खालच्या पहिल्या दाढेसाठी प्रमाण उपचार म्हणजे दातांच्या रंगाचा थर नसलेली पूर्ण धातूची कॅप, कारण खालच्या जबड्यात रंगाचा थर मधून मोजून चौथ्या दातापर्यंतच प्रमाण उपचारात धरला जातो. तुम्ही झिरकोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या सिरॅमिकची, कॅप निवडली तरी कासेची मदत तेवढीच राहते, वरचा सगळा फरक तुमच्या खिशातून जातो. म्हणून दंतवैद्यांना साध्या धातूच्या कॅपचा हिशेबही लिहून मागा. इतक्या मागच्या दाढेला धातूची कॅप बसवण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. ती दीर्घकाळ टिकते, तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते आणि हसताना ती कुणाला दिसत नाही. रंग हवाच असेल तर झिरकोनियाही उत्तम आहे, पण निवड तुमची असावी, कागदावर आधीच लिहिलेली असू नये.

हा हिशेब पटला नाही तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्या. पहिल्यांचा अपमान होईल असा संकोच मनात आणू नका. जर्मनीत हे सर्रास घडते आणि त्यासाठी पहिल्यांची परवानगी लागत नाही. दंतवैद्यांच्या संघटना रुग्णांसाठी सल्ला सेवाही चालवतात. दाढ खरोखर गुंतागुंतीची असेल तर ट्युबिंगनच्या विद्यापीठाचे दंत रुग्णालय तुमच्यापासून फार लांब नाही.

आता आईंच्या म्हणण्याकडे वळू या. त्यांचा आग्रह काळजीपोटी आहे आणि त्यात तथ्यही आहे. भारतात रूट कॅनलचे उत्तम तज्ज्ञ आहेत, तुम्ही त्यांच्याशी स्वतःच्या भाषेत बोलू शकाल आणि खर्च पुष्कळ कमी येईल. तरीही मी तुम्हाला रूट कॅनल श्टुटगार्टमध्ये करा असे सांगेन, आणि त्याचे कारण कौशल्याचे नसून वेळेचे आहे. जंतुसंसर्ग झालेल्या दाढेचे दुसरे रूट कॅनल पुष्कळदा एका बैठकीत संपवत नाहीत. मध्ये औषध भरून काही दिवस किंवा आठवडे थांबतात, त्रास कमी झाला का ते पाहतात आणि मग भराव करतात. त्यावर कॅपचे माप, प्रयोगशाळेचे काम, चाव्याची जुळणी. हे सगळे तीन आठवड्यांत, तेही नातेवाइकांच्या गराड्यात बसवता येते. पण एखादी बैठक वाढली की उरलेले काम विमानतळावर जायच्या दिवसाच्या सोयीने होते, दाढेच्या गरजेने होत नाही. आणि परतल्यावर दहाव्या दिवशी ठणका लागला तर ज्यांनी काम केले ते हजारो किलोमीटर दूर असतात. दातांचा उपचार म्हणजे एकदाच आणायची वस्तू नव्हे. काम संपल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे काढून हाड भरून आले का हे पाहणारे माणूस हवे, आणि ते तुम्ही राहता तिथेच असावे, असे माझे ठाम मत आहे.

पैशाच्या बाजूनेही भारताचा हिशेब पूर्ण मांडा. तिथल्या उपचारासाठी तुमची कासे काही देणार नाही. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात कॅप करून घेतली तर आधी मंजुरी घेऊन तीच ठरावीक मदत मिळू शकते, भारतासाठी तशी सोय नाही. शिवाय जर्मनीत दंतवैद्याला भराव आणि कॅपची दोन वर्षांची हमी कायद्याने द्यावी लागते. त्या काळात कॅप सुटली किंवा मोडली तर पुन्हा पैसे भरायचा प्रसंग सहसा येत नाही.

तरीही १,८०० युरो आज खरोखर शक्य नसतील, तर भारतात उपचार घेणे चुकीचे ठरत नाही, फक्त ते अर्धवट तयारीने करू नका. दाढ इथे तात्पुरती बंद करून घ्या, एक्स-रे आणि निदान आजच भारतातल्या रूट कॅनल तज्ज्ञांना पाठवा, त्यांनी काम आठवड्याभरात पूर्ण होईल असे पाहून सांगितले तरच तारखा पक्क्या करा, आणि पहिली बैठक पोहोचल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतच ठेवा. पण त्याआधी दोन वाटा तपासा. इथले अनेक दवाखाने बिल हप्त्यांनी भरू देतात. आणि कॅप भारतात, रूट कॅनल इथे, अशी वाटणीही कागदपत्रे व्यवस्थित असतील तर चालते. उलट वाटणी, म्हणजे रूट कॅनल तिथे आणि कॅप इथे, त्रासाची ठरते, कारण दुसऱ्याने केलेल्या भरावावर, त्याचे एक्स-रे न पाहता, कॅप बसवायला इथले दंतवैद्य सहसा तयार होत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

दाढ काढावीच लागली तर गणित पूर्ण बदलते. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, बसवल्यावर हाडाशी जुळायला काही महिने द्यावे लागतात, म्हणजे भारताच्या एका फेरीत काम होत नाही. जर्मनीत इम्प्लांटचा खर्च विमा अपवादानेच देतो, मात्र त्यावरच्या कॅपला ठरावीक मदत मिळते. कुठेही बसवा, इम्प्लांटची कंपनी, माप आणि तुकडीचा क्रमांक लिहिलेले कार्ड जपून ठेवा. ते नसेल तर पुढे दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला त्यावर स्क्रू कोणता बसतो हेही कळत नाही.

मैत्रिणीचा सल्ला मात्र या दाढेसाठी उपयोगाचा नाही. दातांच्या जादा विम्यात, करार होण्याआधीच सुचवलेला किंवा सुरू झालेला उपचार साधारणपणे वगळलेला असतो, आणि तुमचा उपचार कागदावर आलेला आहे. अर्जात ते लपवू नका. नंतर विमा कंपनी दंतवैद्यांच्या नोंदी मागवते, आणि खोटी माहिती आढळली की या दाव्याबरोबर पुढचे संरक्षणही जाते. तोंडातील बाकीच्या दातांसाठी असा विमा घ्यायचा विचार नंतर अवश्य करा, पण पहिल्या काही वर्षांत दरवर्षी किती रकमेपर्यंतच पैसे मिळतात आणि आधीच नसलेल्या दातांचे काय, हे दोन मुद्दे वाचून घ्या.

राहिला भाषेचा प्रश्न. त्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही. समजेल अशा रीतीने निदान, पर्याय आणि धोके सांगणे हे २०१३ च्या रुग्णहक्क कायद्यानुसार डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि खर्च विमा देणार नाही हे त्यांना माहीत असेल तर तो अंदाजे किती होईल हेही आधी लेखी सांगावे लागते. दुभाष्याचा खर्च कासे देत नाही, म्हणून चांगले जर्मन येणारे ओळखीचे कोणी सोबत न्या. जाण्याआधी अर्ध्या पानावर लिहून घ्या: कधीपासून दुखते, चावताना की थंड-गरम लागल्यावर, रात्री झोपेतून उठवते का, कोणती औषधे घेता, कशाची ॲलर्जी आहे, गरोदर आहात का. दात सांगताना क्रमांक वापरा. दोन्ही देशांत दंतवैद्य एकाच पद्धतीचे आकडे वापरतात आणि खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा क्रमांक ३६ आहे. तो तुमच्या दोन्ही कागदांवर आहे का, हेही पाहा. सहीसाठी फॉर्म पुढे आला आणि मजकूर कळला नाही तर तो घरी न्यायला मागा. त्या दिवशीच सही करायची कोणतीही सक्ती नाही.

या भेटीतला एक्स-रे आणि नोंदी मागताना संकोच करू नका. जर्मनीतल्याच एका रुग्णाने आपल्या दंतवैद्याकडे नोंदींची प्रत मागितली होती, दंतवैद्यांनी तिचा खर्च मागितला, आणि तो वाद थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की पहिली प्रत विनामूल्य द्यावी लागते आणि ती कशासाठी हवी याचे कारण रुग्णाला सांगावे लागत नाही. दुसरे मत घ्यायचे असो किंवा भारतातल्या तज्ज्ञांना पाठवायचे असो, हीच प्रत तुमच्या कामी येईल.

आणि दवाखान्यात जाणारच आहात, तर या वर्षीच्या नियमित तपासणीची नोंद तुमच्या बोनसहेफ्टमध्ये, म्हणजे दातांच्या तपासण्यांच्या नोंदवहीत, झाली आहे का, ते विचारा. दुखणे दाखवायला गेलेली भेट आपोआप तपासणी म्हणून नोंदवली जाईलच असे नाही. सलग पाच वर्षे ही नोंद असेल तर कॅपवरची ठरावीक मदत ६० वरून ७० टक्के होते आणि दहा वर्षांनंतर ७५. तुमची तीनच वर्षे झाली असल्याने या दाढेसाठी त्याचा उपयोग नाही, पण या वर्षीची नोंद राहिली तर पुढच्या दातासाठी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. तपासणी राहिली असेल तर ३१ डिसेंबरच्या आत, म्हणजे तुमच्या बाबतीत विमानात बसण्याआधी, ती करून घ्या.